उतरलेले वजन आणि उरलेली त्वचा

रायपूर शहराच्या मध्यभागी बूढातालाब नावाचा जुना आणि विस्तीर्ण जलाशय आहे. विवेकानंद सरोवर असे त्याचे दुसरे नाव. या तलावाच्या काठाने पहाटे फेऱ्या घालणाऱ्यांत, पूर्वी चार पावले टाकताच धापा टाकणारा आणि आता सपाट्याने चालणारा असा एखादा माणूस हटकून दिसतो. ओळखीचे लोक त्याला थांबवतात, कौतुक करतात, 'अर्धे झालात की हो!' असे म्हणतात. तोही हसून ते स्वीकारतो. परंतु घरी जाऊन सदरा उतरविल्यावर आरशात जे दिसते त्याविषयी तो कोणाशीही बोलत नाही. चरबी गेलेली असते. तिच्यासाठी वाढलेले कातडे मात्र तसेच उरलेले असते. दंडाखाली ते लोंबते, मांड्यांवर सुरकुतते आणि पोटाखाली झालरीसारखे लटकते.

ही केवळ रूपाची तक्रार नव्हे. त्वचेच्या आतल्या थरात कोलॅजेन आणि इलॅस्टिन या द्रव्यांचे तंतू असतात. पहिल्यामुळे त्वचेला बळकटी येते आणि दुसऱ्यामुळे ती ताणली गेल्यावर पूर्ववत होते. वर्षानुवर्षे ताण सोसलेल्या त्वचेतील हे तंतू विरतात आणि तुटतात. मग व्यायामाने खालचा स्नायू घट्ट होतो, पण त्यावरचे कातडे आवळत नाही. कोणत्याही मलमाने वा मालिशाने ही मोठी झालर नाहीशी होत नाही. रायपूरच्या मे महिन्यात पारा चाळीस अंशांच्या वर चढतो तेव्हा त्या घड्यांत घाम साचतो, खाज सुटते, बुरशी धरते आणि कातडे सोलवटते. चालताना घर्षण होते. साडी नेसणे, मांडी घालून जेवायला बसणे, या साध्या गोष्टीही अवघड होतात. ज्याने मोठ्या निग्रहाने पन्नास किलो वजन उतरविले, त्याच्या वाट्याला विजयानंतर हे असे ओझे येते.

हा प्रश्न आता थोड्यांचा राहिलेला नाही. जठराचा आकार लहान करणाऱ्या शस्त्रक्रिया भारतातील अनेक शहरांत होत आहेत, आणि वजन उतरविणारी टिर्झेपटाइड व सेमाग्लुटाइड ही इंजेक्शने 2025 साली भारतीय बाजारात आली. वजन उतरविण्याची साधने वाढली की उरलेल्या त्वचेचा प्रश्नही त्याच प्रमाणात वाढणार हे उघड आहे.

यावर उपाय एकच, आणि तो म्हणजे शस्त्रक्रिया. ओटीपोटावर एका कमरेपासून दुसऱ्या कमरेपर्यंत छेद घेऊन जादा कातडे काढावयाचे, आवश्यक तर सैलावलेले स्नायू टाक्यांनी जवळ आणावयाचे, बेंबीला नव्या जागी स्थान द्यावयाचे आणि उरलेली त्वचा खाली ओढून शिवावयाची, असे तिचे स्थूल स्वरूप आहे. अमेरिकेत हॉवर्ड केली या शल्यविशारदाने पोटावरील अशा जादा कातड्याच्या शस्त्रक्रियेचे वर्णन 1899 साली केले होते. म्हणजे ही विद्या सव्वाशे वर्षांची झाली. तरीही ती सर्वांच्या आवाक्यात आलेली नाही, कारण तिच्या खर्चाचा भार बहुधा रुग्णालाच उचलावा लागतो. भारतातील आरोग्यविम्याच्या प्रमाणित अटींत सौंदर्यवर्धक शस्त्रक्रिया वगळलेली आहे. अपघात, भाजणे किंवा कर्करोग यानंतरची पुनर्रचना, अथवा आरोग्याला असलेला प्रत्यक्ष व तातडीचा धोका दूर करण्यासाठी वैद्याने प्रमाणित केलेली आवश्यकता, एवढाच तिला अपवाद आहे. अमेरिकेतही विमा कंपन्या वारंवार होणाऱ्या जंतुसंसर्गाचा लेखी पुरावा असल्यास पोटावरची झालर काढण्याचा खर्च कधी मान्य करतात. परंतु दंड, मांड्या आणि स्नायू यांची दुरुस्ती त्या बहुधा शोभेच्या सदरात टाकतात. जेथे पैसा स्वतःच्या खिशातून जातो, तेथे माणूस स्वस्ताईच्या शोधात निघतो. मेक्सिको, तुर्कस्तान, थायलंड, डोमिनिकन प्रजासत्ताक आणि भारत या देशांकडे वाहणारा शस्त्रक्रियेच्या प्रवाशांचा ओघ यातूनच निर्माण झाला आहे.

समजा, रायपूरच्या तात्यापाऱ्यातील एखाद्या जुन्या मराठी घराची लेक अमेरिकेत स्थायिक झालेली आहे. दुसऱ्या बाळंतपणानंतर तिचे वजन वाढत गेले, पुढे जठराची शस्त्रक्रिया झाली आणि दोन वर्षांत तिने पन्नास किलो वजन उतरविले. आता उरलेल्या कातड्याने ती त्रासली आहे. तेथील खर्च झेपणारा नाही. भारतात तेच काम त्याच्या अंशभर खर्चात होते. शिवाय येथे माहेर आहे. तिला कचेरीतून तीन आठवड्यांची रजा मिळते आणि ती आईला फोनवर सांगते, "आई, पहिल्या आठवड्यात ऑपरेशन, मग थोडी विश्रांती, आणि तिसऱ्या आठवड्यात परतीचे विमान. सगळे बसवले आहे." आई क्षणभर थांबते आणि विचारते, "जखम भरायला किती दिवस लागतात, ते डॉक्टरांनी सांगितले का ग?"

आईच्या या साध्या प्रश्नातच साऱ्या विषयाचे मर्म आहे. त्याचे उत्तर शोधताना महाराष्ट्राच्या इतिहासातील एका प्रसंगाची आठवण होते. म्हैसूरच्या 1792 सालच्या युद्धात इंग्रजी फौजेबरोबर कावसजी नावाचा एक मराठा गाडीवान होता. तो टिपूच्या हाती सापडला आणि त्याचे नाक व एक हात छाटण्यात आला. वर्षाहून अधिक काळ तो नाकावाचून राहिला. पुढे पुण्याजवळ विटा भाजण्याचा व्यवसाय करणाऱ्या जातीतील एका माणसाने त्याच्या कपाळावरील त्वचेपासून त्याला नवे नाक करून दिले. टॉमस क्रूसो आणि जेम्स फिंडले या मुंबई इलाख्याच्या डॉक्टरांनी ही क्रिया प्रत्यक्ष पाहिली होती. लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'च्या ऑक्टोबर 1794 च्या अंकात तिचे वर्णन छापून आले. ते वाचून जोसेफ कार्प्यू या इंग्रज शल्यविशारदाने अभ्यास केला, 1814 साली लंडनमध्ये तीच क्रिया यशस्वी केली आणि 1816 साली तिच्यावर ग्रंथ लिहिला. युरोपातील आधुनिक प्लास्टिक सर्जरीची एक मोठी वाट अशी पुण्याच्या परिसरातून गेली आहे.

या वर्णनातील एक बारकावा फार मोलाचा आहे. कपाळावरची त्वचा कापताना तो कारागीर तिला शरीरापासून पूर्णपणे तोडीत नसे. भुवयांच्या मध्ये त्वचेची एक अरुंद पट्टी तो राखून ठेवी, कारण त्या पट्टीतूनच नव्या नाकाला रक्त मिळत असे. पहिले पाच-सहा दिवस रुग्णाला उताणे निजवीत. दहाव्या दिवशी नाकपुड्यांत मऊ कापडाचे बोळे बसवीत. आणि सुमारे पंचविसाव्या दिवशी, नवी जागा रुजल्यावर, ती पट्टी कापीत. याचा अर्थ असा की, रुग्णाला इतके दिवस त्या कारागिराच्या सान्निध्यात राहणे भागच होते. तो पहिल्याच आठवड्यात उठून गावी गेला असता तर सारी कारागिरी व्यर्थ ठरली असती. कारागिराचा हात शस्त्र चालविण्यापुरता नव्हता. राखण करणे हा त्याच्या कामाचा निम्मा भाग होता.

दोनशेहून अधिक वर्षांनंतर भूल आली, जंतुनाशके आली, प्रतिजैविके आली; परंतु जिवंत त्वचेने आपला वेग बदललेला नाही. पोटावरील मोठ्या शस्त्रक्रियेनंतर जखमेत साचणारा द्रव बाहेर काढण्यासाठी नळ्या ठेवतात. त्या निघाल्यावरही कातड्याखाली पाणी धरू शकते आणि ते सुईने काढावे लागते. ताण पडलेला टाका उसवू शकतो. कित्येक दिवस रुग्णाला कमरेत वाकून चालावे लागते, काही आठवडे घट्ट पट्टा वापरावा लागतो आणि साधारणतः सहा आठवडे जड वस्तू उचलता येत नाही. सर्वांत मोठी भीती दिसत नाही: पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी होते आणि ती फुप्फुसात जाऊन प्राणावर बेतते. शस्त्रक्रियेने हा धोका वाढतोच. त्यात विमानातील दीर्घकाळचे बसणे त्याला अधिक वाव देते.

घाईची किंमत काय असते, हे अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राच्या नोंदींवरून कळते. 2003-04 च्या सुमारास डोमिनिकन प्रजासत्ताकात पोटाची शस्त्रक्रिया करून परतलेल्या काही अमेरिकन स्त्रियांच्या जखमा, मायदेशी आल्यावर, एका चिवट जंतूमुळे पुन्हा चिघळल्या. ज्याने शस्त्र धरले तो समुद्रापलीकडे होता, आणि समोरच्या डॉक्टरला मूळ क्रियेची माहिती नव्हती. त्याच केंद्राने 2024 साली प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार, 2009 ते 2022 या काळात त्या देशात सौंदर्यशस्त्रक्रियेनंतर 93 अमेरिकन नागरिक मृत्यू पावले. त्यांपैकी 2019 आणि 2020 या वर्षांतील मृत्यूंची बारकाईने छाननी झाली, तेव्हा चरबीचे कण किंवा रक्ताच्या गुठळ्या यांनी रक्तवाहिन्या अडणे हेच बहुतेकांचे कारण आढळले. एकाच बैठकीत अनेक शस्त्रक्रिया उरकण्याची वृत्तीही त्यांत दिसून आली. एका तिकिटात दंड, पोट आणि मांड्या ही तिन्ही कामे बसविण्याचा मोह प्रवाशाला होतो. शरीराला मात्र तिकिटाचा हिशेब कळत नाही.

यावरून परगावी वा परदेशी जाऊच नये असा निष्कर्ष काढणे योग्य होणार नाही. रायपूरच्या मराठी माणसाला उपचारासाठी प्रवास करणे नवे नाही. हे शहर 1956 पर्यंत ज्या मध्यप्रांतात होते त्याची राजधानी नागपूर होती. राज्यपुनर्रचनेने राजधानी तुटली, पण सुमारे तीनशे किलोमीटरचा लोहमार्ग तुटला नाही. पुढे दोनच वर्षांनी, 1958 साली, नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात डॉ. सी. बालकृष्णन यांनी प्लास्टिक सर्जरीचा स्वतंत्र विभाग उभारला. देशातील अशा पहिल्या विभागांत त्याची गणना होते. आज खुद्द रायपुरातही अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत आणि दाऊ कल्याणसिंह रुग्णालयात या शाखेचे विभाग आहेत. दाऊंच्या दानातून उभी राहिलेली ती वास्तू छत्तीसगढ राज्य झाल्यावर काही वर्षे मंत्रालय म्हणून वापरात होती आणि नंतर पुन्हा रुग्णसेवेकडे वळली. तात्पर्य, आपल्या दाराशी काय आहे याची विचारपूस आधी करून मग दूरच्या वाटेचा विचार करणे शहाणपणाचे ठरते.

दूर जावयाचेच असेल तर काही गोष्टी निघण्यापूर्वी पक्क्या व्हाव्यात. वजन निदान काही महिने स्थिर असावे. जठराच्या शस्त्रक्रियेनंतर सामान्यतः वर्ष-दीड वर्ष थांबण्याचा सल्ला दिला जातो. प्रथिने, लोह आणि ब-12 जीवनसत्त्व यांची उणीव भरून काढलेली असावी, कारण ती असताना जखम नीट भरत नाही. तंबाखू आणि धूम्रपान आधीच सुटलेले असावे. आणखी अपत्याची इच्छा असेल तर पोटाची शस्त्रक्रिया पुढे ढकलणे हिताचे. शल्यविशारदाने प्लास्टिक सर्जरीचे रीतसर पदव्युत्तर शिक्षण घेतले आहे की नाही, रुग्णालयात अतिदक्षता विभाग आहे की नाही, आणि काही बिघडल्यास दुसऱ्या शस्त्रक्रियेचा भार कोणाकडे, हे विचारण्यात संकोच नसावा. आणि घरी परतल्यावर जखम पाहणारा डॉक्टर निघण्यापूर्वीच ठरलेला असावा. त्याच्याकडे शस्त्रक्रियेची सविस्तर टिपणे पोचलेली असावीत. या साऱ्याचा खर्च मूळ आकड्यात मिळवला, राहण्याचे भाडे, सोबतच्या माणसाची बुडालेली मजुरी आणि लांबलेली रजा यांची बेरीज केली, म्हणजे कोणता उपचार खरोखर स्वस्त हे कळते. कित्येकदा त्या बेरजेनंतरही प्रवास परवडतो, आणि तेव्हा तो निश्चिंत मनाने करावा.

त्याबरोबरच एक गोष्ट मनाशी मान्य करावी लागते. लोंबणारी झालर जाते, पण तिच्या जागी कमरेभोवती एक लांब व्रण राहतो. तो वर्ष-दीड वर्षात फिका होतो. नाहीसा होत नाही. शरीर आपला इतिहास पुसत नाही. जो पूर्वीचे निष्कलंक शरीर मागावयास जातो तो निराश होतो. ज्याला सुखाने चालावयाचे, बसावयाचे आणि घामाच्या दिवसांत निर्धास्त निजावयाचे असते, तो बहुधा समाधानाने परततो.

तात्यापाऱ्यातील त्या माउलीचा प्रश्न म्हणूनच खरा. तिची लेक शहाणी असेल तर ती रजेचा हिशेब बाजूला ठेवून आधी डॉक्टरांना तो प्रश्न विचारील, तीन कामांऐवजी एकच काम करून घेईल आणि परतीच्या तिकिटावरची तारीख मोकळी ठेवील. माहेरच्या खोलीत ती वाकून चालेल, आई तिच्या हाती पाण्याचा पेला देईल, चौथ्या-पाचव्या दिवशी अंगणापर्यंत जाणे जमेल. पुण्याजवळच्या त्या अनाम कारागिराने कावसजीला जो काळ दिला तो तिलाही मिळेल. आणि जखम भरली असे डॉक्टर सांगतील त्या दिवशी ती परतीची तारीख ठरवील.