दुकानाची नवी चोपडी

येवल्याच्या एखाद्या पेढीनें आपल्या पैठण्या संकेतस्थळावर विक्रीस मांडल्या आहेत, अशी कल्पना करावी. मोरपंखी रंगाची एकच पैठणी शिल्लक आहे. आणि पुण्याची एक गृहिणी व नागपूरची दुसरी, अशा दोघीजणी एकाच क्षणीं ती मागतात. दोघींचेहि पैसे जमा झाले आणि साडी मात्र एक, असें घडलें तर पेढीची पत गेली. ही आपत्ति टाळणें हें डेटाबेसचें पहिलें काम होय.

पूर्वी रोजकीर्द व खतावणी यांवर पेढीचा हिशेब चाले. १९७० सालीं आय. बी. एम. मधील एडगर कॉड यांनीं मांडलेली रिलेशनल पद्धति याच शिस्तीची आठवण करून देते. गिऱ्हाइकांचें एक कोष्टक, मालाचें दुसरें, मागण्यांचें तिसरें. आणि तीं क्रमांकांनीं परस्परांशीं जोडलेलीं.

असा डेटाबेस निवडतांना पुष्कळांची दृष्टि प्रथम वेगाकडे जाते. येथेंच चूक होते. १९९५ सालीं निघालेल्या मायएसक्यूएलचा संकेतस्थळांवर मोठा प्रसार झाला. त्याची पूर्वीची मायआयसॅम ही सांठवणीची पद्धति वाचनांत चपळ खरी. परंतु सांठ्यांतून साडी वजा करणें, मागणी नोंदणें व रक्कम जमा लिहिणें हीं कामें एकत्र तडीस जावींत, नाहीं तर एकहि होऊं नये, अशी हमी तींत नव्हती. मध्येंच वीज गेली तर नोंद अर्धवट राही. इनोडीबी ही पद्धति ती हमी देते. शिवाय एकीची मागणी पुरी होईपर्यंत त्या साडीच्या ओळीस कुलूप लावतां येतें. २०१० सालच्या ५.५ या आवृत्तींत तीच मूळ पद्धति ठरली. बर्कले विद्यापीठांतील संशोधनांतून निघालेलें पोस्टग्रेसक्यूएल हेंहि अशीच हमी देतें, आणि तें विनामूल्य मिळतें. एका फाइलींत मावणारें एसक्यूएलाइटहि या बाबतींत विश्वासू; मात्र तें एका वेळीं एकासच लिहूं देतें. म्हणून बहुतांशीं वाचनाच्या संकेतस्थळास तें पुरें पडतें, सणासुदीच्या गर्दीस अपुरें.

तेव्हां पेढीच्या मालकानें संकेतस्थळ रचणारास दोनच प्रश्न विचारावेत. मागणी अर्धी झाली असतां यंत्र बंद पडलें तर काय होईल? आणि काल रात्रीं घेतलेल्या नकलेवरून सर्व नोंदी पुन्हां उभ्या करून दाखवितां येतील काय? उत्तर तोंडीं न घेतां प्रत्यक्ष पाहावें. मंद यंत्र बदलून वेग वाढवितां येतो. गेलेली पत विकत मिळत नाहीं.