चिखलातील सांघिक अडथळा-शर्यत
(केंद्रस्तरीय शिक्षण परिषदेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



नांदेड व लातूर या दोन्ही जिल्ह्यांत शालेय क्रीडास्पर्धांच्या वेळी पंच म्हणून उभे राहण्याचा योग मला अनेकदा आला आहे. शंभर मीटरची धाव असो वा लांब उडी असो, बक्षीस घेण्यास पुढे येणारे चेहरे बहुधा तेच पाच-सहा असतात. उरलेली मुले दोरीबाहेर बसून टाळ्या वाजवितात आणि आपण अहवालात 'सर्व विद्यार्थ्यांनी उत्साहाने सहभाग घेतला' असे लिहितो. मीही तसे लिहिलेले आहे. म्हणून आजचा विषय काहींना विचित्र वाटला तरी थोडा वेळ ऐकून घ्यावा, अशी विनंती आहे.

खेळ साधा आहे. सहा जणांचा एक संघ. वाटेत दोराखालून सरपटत जाणे, ट्रॅक्टरच्या जुन्या टायरमधून निघणे, कडब्याच्या पेंढ्यांचा ढीग ओलांडणे आणि शेवटी दहा फूट लांबीचा चिखलाचा चर पार करणे. परंतु खरी गोष्ट नियमात आहे. संघाचा सहावा गडी रेषेपलीकडे जाईल तेव्हाच घड्याळ थांबवावयाचे. पहिला गडी केव्हा पोहोचला याची नोंदच ठेवावयाची नाही.

परदेशांत या खेळाचा मोठा बोलबाला आहे. इंग्लंडमध्ये 1987 साली 'टफ गाय' नावाची शर्यत सुरू झाली. अमेरिकेत 2010 पासून भरणाऱ्या 'टफ मडर'मध्ये वेळेपेक्षा सोबत्याला हात देण्यास अधिक मान असतो. तिकडे लोक त्यासाठी पैसे भरतात, हे ऐकून आमच्या एका गुरुजींनी "आमच्याकडे हा चिखल जूनपासून फुकट आहे" असे म्हटले, ते खोटे नाही. चिखलात खेळणे आपल्यालाही परके नाही. गोव्यात माशेल येथे देवकीकृष्णाच्या देवळापुढे आषाढात चिखलकाला होतो. लोक अंगाला तेल चोपडून चिखलात उतरतात आणि जुने खेळ खेळतात. आपल्याकडे लोहा तालुक्यातील माळेगावच्या यात्रेत कुस्त्यांचा फड लागतो, तेव्हा अंगाला माती लागल्याची लाज कोणासही वाटत नाही.

गेल्या महिन्यात एका गावच्या शाळेत ही शर्यत झाली. मुलांनी आग्रह धरला की, मॅडमनीही एका संघात यावे. वयाच्या चौपन्नाव्या वर्षी, पदर खोचून, मी दोराखालून कशीबशी निघाले. टायरमधून जाताना माझी जी गत झाली तिचे वर्णन येथे करीत नाही. चरात मात्र तिसऱ्याच पावलाला उजवा पाय रुतला. आपली काळी जमीन पाणी प्याली की फुगते आणि पायास अशी धरते की सोडत नाही, हे आपणा सर्वांस ठाऊक आहे. मी जोराने पाय ओढू लागले तसा तो अधिकच घट्ट बसला. दोन मुली माझे हात धरून ओढीत होत्या, त्याही घसरल्या.

तेवढ्यात संघातील एक मुलगा पलीकडून परत आला. तो म्हणाला, "ओढू नका मॅडम. टाच उचला आधी, हळूच. वारं जाऊ द्या खाली." त्याने कडब्याची एक पेंढी माझ्यापुढे आडवी टाकली, डावा पाय तीवर ठेवावयास सांगितले आणि माझ्या टाचेमागे बोटांनी खाच केली. पाय अलगद सुटला. पाय सरळ वर ओढला की त्याखाली पोकळी होते, तेथे हवा शिरत नाही आणि बाहेरच्या हवेचा दाब पाय जागीच धरून ठेवतो. हा पाठ मी वर्गात पिचकारी दाखवून वर्षानुवर्षे शिकविला. चरात उभी असताना तो मला आठवला नाही.

हा मुलगा सातवीत आहे. शाळेच्या वेळेबाहेर म्हशी राखतो आणि रुतलेल्या वासराचे पाय असेच सोडवितो. वाचनात तो चौथीच्या पातळीवर आहे. जूनमधील भेटीत 'मागे पडलेले विद्यार्थी' या यादीत त्याचे नाव लाल शाईने मीच लिहिले होते. आमचा संघ पाचात चौथा आला. दुसऱ्या दिवशी वर्गशिक्षिकेने त्याला पाय सोडविण्याची रीत वर्गापुढे सांगावयास लावली व तीच त्याच्याकडून लिहवून घेतली. चार ओळी झाल्या. त्या मी पाहिल्या. 'टाच' हा शब्द त्याने तीन वेळा खोडला होता.

आता धोक्याविषयी, कारण येथे हयगय चालणार नाही. 2012 साली अमेरिकेच्या नेवाडा राज्यात गुरांच्या कुरणावर अशी एक शर्यत झाली. चिखलाचे पाणी तोंडात गेल्याने तिच्यातील 22 जणांना जुलाबाचा विकार झाल्याचे तेथील आरोग्य खात्याने नोंदविले आहे. म्हणून गोठ्याजवळचा, गुरे बसतात तेथला, गटाराकडचा चिखल मुळीच घेऊ नये. स्वच्छ माती खणून चर करावा, हापशाचे पाणी सोडावे, खोली निम्म्या नडगीपेक्षा अधिक नसावी आणि आधी स्वतः अनवाणी उतरून बाभळीचे काटे व काचा शोधाव्यात. पायाला जखम असलेल्या मुलाला चरात उतरू न देता घड्याळ त्याच्या हाती द्यावे. धनुर्वाताची लस दहाव्या वर्षी दिली जाते. ती झाली की नाही, हे आरोग्यसेविकेकडून पाहून घ्यावे. आकाशात गडगडले की खेळ तत्काळ बंद.

या शर्यतीनंतर एक माउली शाळेत आली व म्हणाली, "लेकराला चिखलात लोळवायला धाडलं का आम्ही? कपडे धुवायला पाणी कुठून आणू?" तिचे म्हणणे रास्त होते. एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आणावे लागले, हे आपण विसरलेलो नाही. तेव्हा हा खेळ भरल्या पावसाळ्यातच घ्यावा. जुने कपडे आणावयास सांगावे, माशेलकरांप्रमाणे हातापायांना थोडे तेल चोळावे म्हणजे चिखल लवकर सुटतो, आणि शाळेतच धुऊन घरी पाठवावे. मुलींसाठी कपडे बदलण्याची आडोशाची खोली आधी पाहावी. ती नसेल तर मुली 'पोट दुखते' म्हणून बाजूला बसतात आणि आपण ते खरे मानतो.

त्या मुलाचे आईवडील दिवाळीनंतर ऊसतोडीस जातात व त्यालाही नेतात. यंदा त्याला हंगामी वसतिगृहात ठेवावे, असे मुख्याध्यापकांनी त्याच्या आजीस सांगितले आहे. वडिलांनी अजून होकार दिलेला नाही. दिवाळीस पाच आठवडे आहेत. पुढच्या सोमवारी मी पुन्हा त्या घरी जाणार आहे.

शर्यतीसाठी वापरलेला सत्तर फुटांचा दोर पंचायत समितीच्या कार्यालयात माझ्या कपाटात आहे. पाऊस असेतो ज्यांना हवा असेल त्यांनी न्यावा. परत देताना मात्र धुऊन, वाळवून द्यावा.