स्टिअरिंगचे शून्य
(माजी विद्यार्थी मेळाव्यातील भाषण)



संयोजक म्हणाले, "तुझ्या धंद्यातलं काहीतरी सांग." म्हणून डॉक्टर आणि प्राध्यापकांच्या भाषणांमध्ये हा गॅरेजवाला उभा आहे. विषय सगळ्यांच्या हातातला निवडला आहे : गाडीचे स्टिअरिंग.

प्रयोगशाळेत व्हर्निअर कॅलिपर हातात देताना सर आधी विचारायचे, "शून्य तपासलंस का?" जबडे मिटल्यावर शून्य जुळत नसेल, तर पुढचे प्रत्येक माप तेवढ्याने चुकणार. बाजारातल्या मावशी तराजूला पासंग लावतात तेही याचसाठी. आजच्या स्टिअरिंगलाही असा पासंग लागतो, आणि तो विसरला की माणसे विनाकारण हजारो रुपये घालवतात.

पूर्वी ॲम्बॅसिडर वळवायला दंडात जोर लागायचा. मग तेलाच्या दाबावरचे पॉवर स्टिअरिंग आले. १९८८ साली सुझुकीने जपानमध्ये सर्व्हो या छोट्या गाडीत विजेच्या मोटरचे स्टिअरिंग दिले; आज आपल्याकडच्या बहुतेक छोट्या गाड्यांत तेच असते. त्यात स्टिअरिंगखाली एक बारीक दांडी असते. आपण चाक फिरवले की ती किंचित पिळते. तो पीळ टॉर्क सेन्सर मोजतो, कॉम्प्युटरला सांगतो आणि मोटर त्या बाजूला मदत करते. हात सोडले की पीळ शून्य. पण कॉम्प्युटरच्या डोक्यातले शून्यच सरकलेले असेल, तर कोणी न मागता मोटर ढकलत राहते.

मागच्या पावसाळ्यानंतर आपल्याच भागातला एक फुलांचा बागायतदार गाडी घेऊन आला. गाडी डावीकडे ओढत होती. दोनदा अलाइनमेंट करून झाले होते, आणि एके ठिकाणी त्याला पूर्ण कॉलम बदलायला सांगितले होते. भल्या पहाटे फुले घेऊन दादरला जाणारा हा माणूस. महामार्गावर सतत उजवीकडे जोर लावून त्याचा खांदा भरून यायचा, आणि डुलकी लागली तर काय, ही भीती वेगळीच. चौकशीत कळले, की खडखड काढण्यासाठी कॉलम उघडला होता आणि त्यानंतरच हे सुरू झाले. डॅशबोर्डखालच्या सॉकेटला स्कॅनर लावला. त्या गाडीत सेन्सरचे दोन सिग्नल असतात. हात सोडल्यावर दोन्ही अडीच व्होल्टच्या आसपास हवेत. इथे एक वर, दुसरा तेवढाच खाली. म्हणजे सेन्सर धड होता, फक्त शून्य चुकले होते. शून्य नव्याने शिकवले, एकही पार्ट न बदलता गाडी सरळ चालू लागली.

हे काम दिसायला बटण दाबण्याचे आहे, पण खरी मेहनत त्याच्या आधी असते. टायरची हवा, टाय रॉडची ढिलाई, मग अलाइनमेंट, आणि शेवटी शून्य. हा क्रम उलटवला तर वाकड्यालाच सरळ म्हटल्यासारखे होते. गाडी सपाट जागी, पुढची चाके सरळ, बॅटरी भरलेली. आपल्याकडे अर्नाळ्याच्या खाऱ्या वाऱ्याने बॅटरीच्या टर्मिनलवर बुरशी धरते, ती आधी साफ करतो, कारण मध्येच व्होल्टेज पडले की प्रक्रिया तुटते. आणि मुख्य म्हणजे त्या काही सेकंदांत स्टिअरिंगला हात लावायचा नाही. गिऱ्हाइकाला मी खाली उतरवतो. सवयीने माणूस चाक धरूनच बसतो, आणि मग त्याच्या हाताचा जोर कॉम्प्युटर शून्य म्हणून लिहून घेतो!

स्टिअरिंग किती अंश फिरले हे मोजणारा सेन्सर वेगळा. त्याचे शून्य अलाइनमेंटनंतर बऱ्याच गाड्यांत पुन्हा लावावे लागते, कारण घसरण रोखणारी यंत्रणा त्यावर अवलंबून असते. प्रत्येक कंपनीची पद्धत निराळी असल्यामुळे मॅन्युअल वाचल्याशिवाय मी हात घालत नाही. नुसता एरर कोड पुसून देणारे खूप आहेत. कोड पुसला म्हणजे फळा पुसला, गणित सुटले नाही. सेन्सर खरोखर मेलेला असेल तर मात्र शून्य लावूनही कोड परत येतो. तिथे पार्ट बदलावाच लागतो.

तेव्हा कॉलम किंवा रॅक बदलायचे कोणी सांगितले, तर आधी सेन्सरचे आकडे स्कॅनरवर दाखवायला सांगा. आणि इथून परतताना कोणाची गाडी ओढत असेल तर जरूर घेऊन या, फक्त टायरची हवा तपासून या. अर्ध्या गाड्या तिथेच सरळ होतात.