खर्च कोणी सोसायचा? : मुंबई कायदेमंडळातले डॉ. आंबेडकर

मुंबई इलाख्याच्या कायदेकौन्सिलात डॉ. भीमराव आंबेडकर फेब्रुवारी १९२७ मध्ये सरकारनियुक्त सभासद म्हणून दाखल झाले. पुढची दहा वर्षे कौन्सिलात आणि १९३७ च्या निवडणुकीनंतर विधानसभेत शेतसारा, शिक्षण, बाळंतपणाची रजा, महार वतन, खोती आणि कामगारांचा संप या विषयांवर ते बोलत राहिले. घटनाकाराच्या कीर्तीपुढे हा आमदार काहीसा झाकला गेला आहे. समाजकल्याणाच्या कायद्यांचा विचार बंगळुरूतल्या या परिषदेत होत असताना त्याचे स्मरण करायला भूगोलाचेही कारण आहे. बेळगाव, धारवाड, विजापूर आणि कारवारकडचा मुलूख १९५६ पर्यंत मुंबईकडे होता. आज ज्यांचा कारभार विधानसौधातून चालतो, त्या गावांतल्या सार्वजनिक विहिरी, धर्मशाळा आणि शाळा तेव्हा मुंबई कौन्सिलाच्या ठरावांखाली येत.

अशा ठरावांतला सर्वांत गाजलेला ठराव सीताराम केशव बोले यांचा, ४ ऑगस्ट १९२३ चा. सरकारी खर्चाने बांधलेली किंवा सार्वजनिक संस्थांकडे असलेली तळी, विहिरी, धर्मशाळा, शाळा, दवाखाने आणि न्यायालये अस्पृश्यांना खुली करावीत, असे त्यात म्हटले होते. महाड नगरपालिकेने जानेवारी १९२४ मध्ये त्याला अनुसरून चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला, पण अस्पृश्यांपैकी कोणी तळ्यावर जाऊ शकले नाही. म्हणून १९२६ मध्ये बोले यांनी दुसरा ठराव आणला: जी नगरपालिका किंवा लोकलबोर्ड अंमल करणार नाही, तिचे अनुदान बंद करावे. मार्च १९२७ मध्ये महाडचा सत्याग्रह झाला, त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये नगरपालिकेने आपला ठरावच मागे घेतला, आणि प्रकरण उच्च न्यायालयात अस्पृश्यांच्या बाजूने निकाली निघायला १७ मार्च १९३७ उजाडला. ठराव मंजूर होणे आणि ओंजळीत पाणी येणे यांत चौदा वर्षांचे अंतर पडले.

आंबेडकर कौन्सिलात आले ते या अनुभवाच्या काळात. त्यांच्या भाषणांची सुरुवात आकड्यांपासून होते. पहिल्याच अंदाजपत्रकावर बोलताना त्यांनी दाखवले, की प्राप्तिकर ठरावीक उत्पन्नाच्या वरच लागतो, पण शेतसारा मात्र बड्या जमीनदाराला आणि एका तुकड्याच्या धन्याला सारख्याच नियमाने भरावा लागतो. मार्च १९२७ मध्ये शिक्षणाच्या मागण्यांवर त्यांनी हिशेब मांडला, तो असा: सरकार शिक्षणावर डोई चौदा आणे खर्च करते आणि दारूच्या अबकारीतून डोई दोन रुपयांहून जास्त वसूल करते. शाळेत शिरलेल्या शंभर मुलांपैकी अठराच चौथीपर्यंत पोचतात, हेही त्यांनी सांगितले. निदान अबकारीतून जितके घेता तितके शिक्षणावर परत घाला, ही त्यांची मागणी होती.

हीच पद्धत २८ जुलै १९२८ च्या भाषणात सर्वांत स्पष्ट दिसते. गिरण्या-कारखान्यांत काम करणाऱ्या स्त्रियांना बाळंतपणात पगारी विश्रांती देणारे विधेयक आसवले यांनी आणले होते. विरोधकांचे म्हणणे असे, की शेतावर राबणारी बाईही बाळंत होते, मग सवलत कारखान्यातल्या बाईलाच का? आंबेडकरांचे उत्तर होते की कारखान्यातल्या कामाची परिस्थिती शेतापेक्षा वेगळी आहे आणि तुलनाच गैर आहे. मग ते मुख्य प्रश्नाकडे वळले. आईला प्रसूतीच्या आधी आणि नंतर विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे, म्हणून खर्चाचा मोठा भार सरकारने उचलायला हवा. पण मालकही सुटत नाही. पुरुषाऐवजी बाई कामाला ठेवण्यात त्याचा फायदा असतो, तेव्हा त्या फायद्याच्या प्रमाणात त्याच्यावरही जबाबदारी येते. विधेयक त्यांचे नव्हते, पण खर्चाच्या वाटणीचे तत्त्व त्यांनी सभागृहापुढे ठेवले. १९२९ मध्ये मुंबईचा प्रसूति-लाभ कायदा झाला.

स्वतः आणलेल्या विधेयकांत त्यांना असे यश आले नाही. महार वतनाच्या विधेयकात, ज्यांना चोवीस तासांच्या सरकारी चाकरीतून सुटायचे आहे त्यांनी पूर्ण सारा भरून जमीन राखावी आणि जे चाकरीत राहतील त्यांना बलुत्याऐवजी रोख मोबदला मिळावा, अशी तरतूद होती. १९२८ मध्ये मांडलेले हे विधेयक १९२९ मध्ये मागे घ्यावे लागले. कनिष्ठ ग्रामवतने रद्द करणारा कायदा १९५८ साली झाला. कोकणातली खोती नष्ट करण्याचे विधेयक त्यांनी सप्टेंबर १९३७ मध्ये मांडले, ती गेली १९४९ च्या कायद्याने. १९३८ च्या औद्योगिक कलह विधेयकाने संपावर बंधने घातली. त्याला त्यांनी सभागृहात विरोध केला, ७ नोव्हेंबरला संपही झाला, तरी विधेयक मंजूर झालेच.

सभागृहात हरलेला युक्तिवाद असा पुढच्या कायद्याच्या कामी येतो. बाळंतपणाच्या खर्चाच्या वाटणीचेही तेच झाले: १९४८ च्या कर्मचारी राज्य विमा कायद्याने तो खर्च एका मालकाच्या डोक्यावरून काढून सामाईक निधीवर टाकला. त्या निधीत आज मालक पगाराच्या सव्वातीन टक्के आणि कामगार पाऊण टक्का भरतो. जी आस्थापने विम्याबाहेर होती त्यांना १९६१ चा प्रसूति-लाभ कायदा लागू झाला. २०१७ मध्ये त्यातली रजा सव्वीस आठवडे झाली आणि पन्नास किंवा अधिक कर्मचाऱ्यांच्या आस्थापनेला पाळणाघर सक्तीचे झाले, पण तिथला भार सर्वस्वी मालकावर राहिला. सरकारचा वाटा किती, हा १९२८ चा प्रश्न तिथे अजून उभा आहे.

बंगळुरूला तो जवळचा आहे. एप्रिल २०१६ मध्ये भविष्यनिर्वाह निधी काढण्यावर घातलेल्या बंधनाविरुद्ध इथल्या कपडे शिवणाऱ्या कारखान्यांतल्या हजारो बाया रस्त्यावर आल्या आणि केंद्र सरकारला तो नियम मागे घ्यावा लागला. ज्यांचा पैसा, त्यांना विचारल्याविना केलेला नियम टिकला नाही. २०२५ मध्ये कर्नाटकाने मोबाइल ॲपवरून काम करणाऱ्या गिग कामगारांसाठी कायदा केला. कामगाराला दिलेल्या रकमेच्या एक ते पाच टक्के कल्याणशुल्क कंपनीने भरायचे, अशी त्यात सोय आहे. घरपोच जेवण आणणाऱ्या मुलासाठी मांडलेला हा हिशेब गिरणीतल्या बाईसाठी मांडलेल्या हिशेबाचाच पुढचा भाग आहे.

परिषदेच्या स्वागत समितीची प्रतिनिधींना विनंती एकच आहे: इथे होणाऱ्या प्रत्येक ठरावाखाली दोन ओळी जरूर लिहाव्यात, खर्च कोणाच्या खात्यावर पडणार आणि अंमलाला जबाबदार कोण. या दोन ओळी नसतील तर तो ठराव मंजुरीला ठेवू नये.