शेवटचा गियर कशासाठी?

(नभोवाणी भाषणाचा संपादित भाग)

श्रोतेहो, आपल्याकडे कुणी नवी गाडी घेतली की पेढा तोंडात टाकता टाकता माणूस पहिला प्रश्न विचारतो, "ॲव्हरेज किती देते?" गाडीचा रंग, ताकद, किंमत सगळं नंतर. गाडी टर्बोची असली की हाच प्रश्न जरा खोचकपणे येतो, "पळते ठीक आहे, पण पिते किती?" आज या प्रश्नाचं उत्तर शोधायचं आहे. ते जितकं इंजिनात आहे तितकंच गियरच्या दांड्यात आहे.

मी कवी माणूस. शिक्षण बी.ए., तेही मराठी घेऊन. तरी हा विषय मला परका नाही, कारण माझं लहानपण गॅरेजच्या माडीवर गेलं. खाली ज्यांना सगळी पोरं "उस्ताद" म्हणायची ते मिस्त्री होते. पुढे गझल शिकायला लागलो तेव्हा ती शिकवणाऱ्यालाही आम्ही उस्तादच म्हणायचो. दोन्ही उस्तादांची शिकवण एकच होती : जोर कुठे द्यायचा हे कळलं की निम्मं काम झालं.

आधी टर्बो म्हणजे काय ते पाहू. इंजिनातून बाहेर पडणारा गरम धूर आपण वाया गेला असं धरतो. त्या धुराच्या वाटेत एक छोटी चक्री बसवायची आणि तिच्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकाला दुसरी. पहिली धुराच्या जोरावर फिरते, दुसरी बाहेरची हवा ओढून, दाबून इंजिनात भरते. या चक्र्या मिनिटाला लाखाहून अधिक फेरे घेऊ शकतात. आल्फ्रेड ब्युखी या स्विस इंजिनियरने १९०५ मध्येच या कल्पनेचं पेटंट घेतलं होतं.

पण हवा जास्त भरली की पेट्रोलही जास्त लागणार. एक किलो पेट्रोल नीट जळायला सुमारे १४.७ किलो हवा लागते, हा हिशेब टर्बोलाही चुकत नाही. मग टर्बोमुळे पेट्रोल वाचतं असं म्हणतात ते कसं? दोन माणसांच्या भातासाठी कुणी देग चुलीवर चढवली, तर निम्मं सरपण भांडं तापवण्यातच जाईल. मोठ्या इंजिनाचं रोज तेच होतं. टर्बोवालं इंजिन म्हणजे घरचं छोटं पातेलं. एरवी दोघांपुरतं शिजवतं आणि वेळ आली तर लग्नाची पंगतही उठवतं. मात्र रोज पंगत उठवायला सांगितलं, तर सरपण पंगतीइतकंच लागेल. किंबहुना थोडं अधिकच, कारण पूर्ण जोरात असताना आतली आग काबूत ठेवायला बऱ्याच इंजिनांना गरजेपेक्षा जास्त पेट्रोल सोडावं लागतं.

सुरुवातीच्या टर्बो गाड्यांना मात्र छोट्या पातेल्याचा हा फायदाही मिळत नव्हता. १९७३ मध्ये बीएमडब्ल्यू कंपनीने फ्रँकफर्टच्या प्रदर्शनात '२००२ टर्बो' ही गाडी मांडली. दोन लिटरचं इंजिन, १७० अश्वशक्ती. पुढच्या बाजूला 'टर्बो' ही अक्षरं उलटी रंगवायची सोय होती, म्हणजे पुढे चाललेल्या गाडीवाल्याला आरशात ती सुलटी दिसावीत आणि त्याने वाट सोडावी. पण त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये तेलाचं संकट आलं. युरोपात पेट्रोलसाठी रांगा लागल्या, काही देशांत रविवारी गाड्या काढायला बंदी झाली. अशा वेळी आरशातून डोळे वटारणारी गाडी कुणाला आवडणार? जर्मनीत तिच्यावर टीकेची झोड उठली आणि जेमतेम १,६७२ गाड्या निघून ती बंद झाली. पेट्रोल पिण्याचं कारण इंजिनातच होतं. दाबलेली हवा तापते आणि पेट्रोल वेळेआधी पेटून इंजिन टकटक करू लागतं. ते टाळायला इंजिनाचं मूळ कॉम्प्रेशनच कमी ठेवलेलं होतं, त्यामुळे टर्बो झोपलेला असताना गाडी सुस्त आणि खर्चिक, दोन्ही असायची.

पोर्शच्या '९११ टर्बो'ची गोष्ट गियरची आहे. १९७५ पासून १९८८ पर्यंत या गाडीला फक्त चार गियर होते. साध्या ९११ ला पाच मिळत असताना सर्वांत ताकदवान गाडीला चारच! इंजिनाची पिळण्याची ताकद, ज्याला टॉर्क म्हणतात, ती इतकी होती की चार लांब गियर पुरतील असा विचार होता. पण लांब गियरात इंजिनाचे फेरे कमी झाले की टर्बो झोपायचा, आणि जागा झाला की धाडकन ढकलायचा. १९८९ मध्ये तिला पाचवा गियर मिळाला. टर्बो आणि गियर ही जोडी जमली नाही, तर ताकद असूनही गाडी सुखाने चालत नाही.

ही जोडी जमवायचा खरा धडा फॉर्म्युला वनच्या शर्यतींनी दिला. तेव्हा दीड लिटरची टर्बो इंजिनं पात्रता फेरीत हजाराहून अधिक अश्वशक्ती देत. आपल्या घरच्या गाडीएवढं इंजिन, श्रोतेहो! मग १९८४ मध्ये नियम आला : अख्ख्या शर्यतीला २२० लिटर पेट्रोल, मध्ये भरायचं नाही. १९८५ मध्ये इटलीत इमोला इथे काय झालं पहा. सुमारे ३०० किलोमीटरची शर्यत. आयर्टन सेना सर्वांत पुढे होता. शेवटच्या काही फेऱ्या उरल्या आणि त्याचं पेट्रोल संपलं. त्याच्या जागी स्टीफन योहान्सन आला, त्याचंही संपलं. अलँ प्रोस्टने रेषा पहिली ओलांडली, पण नंतरच्या संथ फेरीत त्याचीही गाडी थांबली. वर वजन केलं तर ती दोन किलो हलकी भरली म्हणून तो बाद झाला. शेवटी विजय एलिओ दे अँजेलिसच्या नावे लागला. शर्यत वेगाची होती, निकाल टाकीने लावला.

हा नियम पुढे आणखी कडक होत गेला. १९८६ मध्ये १९५ लिटर, १९८८ मध्ये टर्बोवाल्यांना फक्त १५० लिटर आणि हवेच्या दाबालाही मर्यादा. टर्बो आता मागे पडणार असंच अनेकांना वाटलं. त्या वर्षी मॅक्लारेन-होंडाच्या टर्बो गाड्यांनी सोळापैकी पंधरा शर्यती जिंकल्या. लिटरला दोन किलोमीटर हे आपल्याला हसू येण्याजोगं ॲव्हरेज आहे, पण चार वर्षांत जवळजवळ एक तृतीयांश पेट्रोल वाचवून त्या पहिल्या येत होत्या. पेट्रोल वाचवायचं असलं की तिथले चालक एक युक्ती करत : इंजिनाचा सूर चढायच्या आधीच वरचा गियर टाकायचा.

आता ही युक्ती आपल्या रस्त्यावर आणू. वरच्या गियरमध्ये पेट्रोल का वाचतं? गाडी हळू चालवायची म्हणजे आपण इंजिनाची हवेची वाट अर्धी बंद करतो. नाक दाबून पळणाऱ्या माणसासारखं ते हवा ओढण्यातच दमतं. तोच वेग वरच्या गियरात ठेवला की फेरे कमी होतात, घर्षण कमी होतं आणि तेवढंच काम करायला हवेची वाट जास्त उघडावी लागते. नाकावरचं बोट सुटतं. साधं छोटं इंजिन इतक्या कमी फेऱ्यांवर चढ आला की गुदमरतं. आजचा छोटा टर्बो दीड-दोन हजार फेऱ्यांवरच मदतीला येतो, म्हणून टर्बो गाडीला लांब गियर झेपतो. मात्र त्याहून खाली नेऊन गाडी थरथरायला लागली, तर ती काटकसर नव्हे. इंजिनाला उपाशी ठेवून ओझं उचलायला लावलं की ते टकटक करतं आणि खराब होतं.

हे मी ज्यासाठी शिकलो ते सांगतो. माझा भाचा पुण्यात नोकरीला, आणि माझी आपा, त्याची आई, इकडे छत्रपती संभाजीनगरला एकटीच. भावजी गेल्यापासून तो दर शनिवारी यायचा. शनिवारी रात्री खिचडी-खट्टा तयार असायचा. त्याने एक जुनी टर्बो पेट्रोल गाडी घेतली, पाच गियरची. मे २०२१ मध्ये मुंबईत पेट्रोल लिटरला शंभर रुपयांच्या वर गेलं, आमच्या भागातही तेच. जाऊन-येऊन ४७० किलोमीटर, ॲव्हरेज साडेनऊ. एका खेपेला जवळजवळ पन्नास लिटर. दर शनिवारचं येणं महिन्यातून दोनदा झालं. आपा काही बोलली नाही. फक्त शनिवारी ती भांडी उशिरा घासायला लागली.

मी भाच्याला घेऊन उस्तादांकडे गेलो. ते आता थकलेत, पण कान शाबूत आहेत. त्यांनी त्याच्याशेजारी बसून नगर रस्त्यावर एक चक्कर मारली. भाचा ताशी शंभर-एकशेदहाने जायचा, तोही चौथ्या गियरात, कारण तिथे टर्बोची शिट्टी सतत ऐकू येते. उस्ताद इतकंच म्हणाले, "पाव हल्का रख, बेटा. पंगत रोज नको उठवूस."

त्यांनी तीन गोष्टी सांगितल्या. रस्ता मोकळा असला की पाचवा गियर आणि ऐंशी-पंच्याऐंशीचा वेग. ट्रक ओलांडताना कंजुषी नको; चौथा टाक, टर्बोला बोलाव, ओलांड आणि पुन्हा पाचवा. उतारावर न्यूट्रल करू नको. हा गैरसमज अजून फार आहे. आजच्या इंजेक्शनच्या गाडीत गियर तसाच ठेवून पाय उचलला की इंजिनाला जाणारं पेट्रोल बंदच होतं. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवण्यापुरतं ते जळत राहतं, शिवाय घाटात गाडी एकट्या ब्रेकवर येते ते वेगळंच.

वेगाचा भागही मोठा आहे. वाऱ्याचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. ऐंशीऐवजी शंभरने गेलात, तर वेग सव्वापट होतो आणि वारा दीडपटीहून जास्त अडवतो. तो खर्च कुठल्याही गियरने टळत नाही.

दोन महिने भाच्याने टाकी फुल्ल ते टाकी फुल्ल असा हिशेब ठेवला. ॲव्हरेज चौदावर आलं. दोन खेपांना लागणाऱ्या पेट्रोलमध्ये तीन खेपा व्हायला लागल्या. घरी पोचायला वीस-पंचवीस मिनिटं जास्त लागतात. आपा म्हणते, "मिनिटं मोजायला मी काय बसस्टँडवर बसलेय?"

मग जाहिरातीतला आकडा आणि रस्त्यावरचा आकडा यात एवढी तफावत का? पुण्यात एआरएआय ही वाहनांची तपासणी करणारी संस्था आहे. तिच्याच नावाने आपण ॲव्हरेजचा अधिकृत आकडा ओळखतो. बरीच वर्षं हा आकडा ज्या चाचणीतून आला, ती प्रयोगशाळेत रोलरवर होते. तिच्यात वेग ९० च्या वर जात नाही, आणि तिथवरही गाडी सावकाश नेली जाते. इतक्या मऊ हातात टर्बो बहुतेक वेळ डुलक्याच घेतो. त्याला फुंकर घालून जागं करणारे आपण. म्हणून साध्या गाडीपेक्षा टर्बो गाडीत कागद आणि रस्ता यांतलं अंतर जास्त पडू शकतं. आकडा खोटा नसतो. तो शांत माणसाचा असतो.

फॉर्म्युला वनमध्ये बंद झालेले टर्बो २०१४ मध्ये परत आले. शर्यतीला १०० किलो पेट्रोल, म्हणजे साधारण १३० ते १३५ लिटर, आणि प्रत्येक गाडीला आठ गियर. हे गियर दर शर्यतीला बदलायची मुभा काढून घेतली. हंगामाआधीच ते ठरवायचे, आणि त्यांतच सगळी मैदानं भागवायची. आपल्या गाडीचे गियरही कारखान्यातूनच ठरून येतात. कुठला, कधी टाकायचा एवढंच आपल्या हातात उरतं.

पुष्कळांना वाटतं, शेवटचा गियर सर्वांत जास्त वेगासाठी असतो. अनेक टर्बो गाड्यांचा सर्वाधिक वेग त्याच्या आधीच्या गियरातच गाठला जातो. शेवटचा असतो तो इंजिनाचा आवाज खाली यावा, शेजारी बसलेल्याशी बोलता यावं आणि टाकीत परतीपुरतं पेट्रोल उरावं यासाठी. तो आहे तर वापरा.