आपल्या नदीचा फोटो

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

श्रोतेहो, आपल्या भंडारा, तुमसर, साकोलीकडची तरुण मुले आता हौसेने हिमालयात जातात. कोणी मोटारसायकलने लडाख गाठतो, कोणी मनालीहून कुंझुम खिंड ओलांडून स्पीतीच्या खोऱ्यात उतरतो. परत आला की मोबाईलमधले फोटो दाखवतो. निळे आकाश, तपकिरी डोंगर आणि मधून चांदीच्या तारेसारखी वाहणारी नदी. फोटो सुरेख असतात. पण दहा जणांचे फोटो शेजारी शेजारी ठेवले, तर कोणता कोणाचा हे ओळखता येत नाही. आज मला बोलायचे आहे ते या फोटोंविषयी आणि जिचे फोटो सहसा कोणी काढत नाही, त्या आपल्या वैनगंगेविषयी.

हिमालयाचे फोटो काढण्याची हौस तशी नवी नाही. सॅम्युअल बोर्न नावाचा इंग्रज छायाचित्रकार १८६३ साली भारतात आला. १८६६ मध्ये त्याने स्पीतीच्या बाजूची मणिरंग खिंड चढून तिथले फोटो घेतले. उंची साडेअठरा हजार फुटांच्या आसपास. तेव्हा फिल्म नव्हती. काचेवर ओले रसायन पसरायचे, ते वाळायच्या आत फोटो घ्यायचा आणि तिथेच तंबूच्या अंधारात धुवायचा. काचा, बाटल्या, तंबू हे सगळे ओझे पहाडी हमालांच्या पाठीवर. एका फोटोमागे एवढी यातायात असल्यावर माणूस आधी जागा नीट पाहतो, उजेडाची वाट पाहतो आणि मगच काच हातात घेतो. आज बोट लावले की फोटो निघतो. सोय झाली हे चांगलेच, पण पाहणे मात्र कमी झाले.

२००९ साली एका छायाचित्रकार मित्राबरोबर मीही स्पीतीला गेलो होतो. की गोम्पाच्या अलीकडे रस्त्याचे एक वळण आहे. सगळ्या गाड्या तिथेच थांबतात आणि सगळे तोच फोटो काढतात. माझ्या मित्राने कॅमेरा बाहेरच काढला नाही. म्हणाला, ‘‘हा फोटो आधीच निघालेला आहे.’’ रात्री ज्यांच्या घरी उतरलो, ते गृहस्थ चहा देताना विचारू लागले, ‘‘तुमच्याकडचा मुलूख कसा आहे?’’ मी सांगितले, ‘‘नदी मोठी आहे, धान पिकते, पण बर्फाचा डोंगर नाही.’’ त्यांना खरेच नवल वाटले. म्हणाले, ‘‘मग नदीत पाणी कुठून येते?’’

प्रश्न साधा होता, पण मला तो फार आवडला. मी त्यांना पावसाचे सांगितले. वैनगंगा मध्य प्रदेशात सिवनी जिल्ह्यात उगम पावते, बालाघाट, गोंदिया, भंडारा करत खाली जाते आणि पुढे वर्धा नदीला मिळून प्राणहिता होते. बर्फाचा एक थेंब तिच्यात नाही. सगळी पावसाची आणि जंगलाची पुण्याई. कोहळी समाजाच्या पूर्वजांनी बांधलेल्या तलावांचेही सांगितले. ते ऐकत राहिले.

आपल्या मुलखाचा फोटो काढणे हिमालयापेक्षा अवघड आहे, असे माझा मित्र म्हणतो. डोंगरात देखावा उभा असतो, आपल्याकडे तो आडवा पडलेला असतो. कॅमेरा कुठेही धरा, खाली जमीन, वर आभाळ आणि मध्ये एक रेघ. त्यामुळे इथे वेळ आणि ऋतू यांची मदत घ्यावी लागते. जुलैत रोवणीच्या वेळी बांध्यांमध्ये पाणी साचते आणि आभाळच जमिनीवर उतरते. त्यात पऱ्हे लावणाऱ्या वाकलेल्या बायांची रांग. पवनीला वैजेश्वर घाटावर हिवाळ्यात पहाटे जाऊन बसावे. धुके उचलले जाते तसा आधी डोंगा दिसतो, मग त्यातला माणूस, मग पलीकडचा काठ. या पवनीत जगन्नाथ टेकडीवर १९६९-७० च्या उत्खननात बौद्ध स्तूप सापडला. दोन हजार वर्षांपासून माणसे या काठावर येत आहेत, राहत आहेत. अंभोऱ्याला पाच नद्यांचा संगम मानतात. मुकुंदराजांनी ‘विवेकसिंधु’ इथेच लिहिला, अशी आपल्याकडची परंपरा सांगते. काही जण तो मान अंबेजोगाईला देतात. तो वाद विद्वानांचा. पण आपली मराठी ज्या पाण्याजवळ लिहिती झाली असे आपण अभिमानाने सांगतो, त्या पाण्याचे फोटो आपल्या किती घरांत आहेत?

हे मी केवळ हौसेपोटी विचारत नाही. पवनीजवळ गोसेखुर्द धरणाची पायाभरणी २२ एप्रिल १९८८ रोजी राजीव गांधी यांच्या हस्ते झाली. अकरा किलोमीटरहून लांब भिंत, ३३ दरवाजे. पुढे टप्प्याटप्प्याने पाणी भरत गेले आणि भंडारा व नागपूर जिल्ह्यांतली कितीतरी गावे उठली. धरणाने शेतीला पाणी दिले, हे खरे. काही माणसांचा मुलूख कायमचा पाण्याखाली गेला, हेही तितकेच खरे. उन्हाळ्यात नदीच्या वाळूत डांगरवाड्या फुलायच्या. धरणाच्या वरच्या अंगाला त्या वाळूवर आता बारा महिने पाणी आहे.

माझे आजोळ त्याच पाण्यात आहे. अम्मीच्या पेटीत मामूंच्या निकाहचा एक फोटो होता, १९७९ सालचा. भंडाऱ्याहून बोलावलेल्या फोटोग्राफरने काढलेला. फोटोत मामू आहेत, नानी आहे, कडेला नऊ वर्षांचा मी आहे. पण घरात तो फोटो निघाला की आमची नजर माणसांवर ठरत नाही, मागे जाते. मागे लिंबाचे झाड आहे, त्याच्या पलीकडे नदीत उतरणारी पायवाट आणि काठाला ओढून ठेवलेला डोंगा. फोटोग्राफरने ते मुद्दाम घेतले नव्हते, कॅमेऱ्यात आपसूक आले. गाव उठल्यावर आमच्याजवळ गावाचा म्हणून एवढाच पुरावा उरला. नानांची कबर त्याच गावात होती. शब-ए-बरातला आता आम्ही पाण्याच्या काठाशी उभे राहून फातिहा पढतो. कबर कोणत्या बाजूला असेल, हे त्या पायवाटेच्या अंदाजाने ठरवतो.

एकदा हा फोटो मी त्याच गावच्या एका म्हाताऱ्या ढिवर बाबांना दाखवला. बराच वेळ पाहून ते म्हणाले, ‘‘या फोटोतलं पानी मले ओळखू येते. आताचं नाही येत.’’ ज्यांचा जन्म नदीत गेला, त्यांचे हे बोलणे आहे.

हिमालयातही हेच घडले. भागीरथीवर धरण झाले आणि २००५ साली जुने टिहरी शहर पाण्यात गेले. तिथला घंटाघर गेला, बाजार गेला. नव्या टिहरीत तसाच मनोरा पुन्हा बांधता आला. मनोऱ्याखालची गल्ली बांधता आली नाही. पर्वताचे फोटो पुष्कळ निघाले असतील, पण टिहरीच्या माणसाला हवा असतो त्या गल्लीचा फोटो.

२०२४ मध्ये अंभोऱ्याला नवा झुलता पूल सुरू झाला. त्यावरच्या सज्जातून नदीचा मोठा विस्तार दिसतो. लोक येतात, पाठ नदीकडे करून स्वतःचे फोटो काढतात. काढू द्या, त्यांचा आनंद आहे. माझे मागणे एवढेच की जाता जाता एक फोटो नदीकडे तोंड करूनही काढा.

आणि प्रवासाला लांबच जायला हवे असे नाही. गावाजवळची एक जागा ठरवा. तलावाची पाळ, घाटाची पायरी, बांधीचा कोपरा, काहीही. वर्षातून चार वेळा त्याच जागी उभे राहून त्याच दिशेने फोटो घ्या. ऑगस्ट २०२० च्या पुरात पाणी जिथवर चढले होते, ती खूण एखाद्या भिंतीवर उरली असेल तर तीही टिपून ठेवा. फोटो मोबाईलमध्येच राहू देऊ नका. मोबाईल फुटतो, हरवतो. वर्षाचे चार-पाच तरी कागदावर काढून घ्या आणि मागे पेन्सिलने लिहा : गावाचे नाव, जागा, तारीख, आपण कोणत्या दिशेला पाहत होतो ते. घरातल्या वडीलधाऱ्यांना जुन्या फोटोंच्या मागे काय आहे तेही विचारून घ्या. कोणते झाड, कोणाची विहीर, कोणती वाट. माणसांची नावे सगळे सांगतात, वाटेचे नाव कोणी विचारल्याशिवाय सांगत नाही.

स्पीतीला जरूर जा. तिथल्या माणसांनी चहा देताना तुमच्या नदीविषयी विचारले, तर त्यांना दाखवायला वैनगंगेचा एखादा फोटो मात्र बरोबर असू द्या.