आपली कोंबडी आपल्याच टोपात

मी मानपाड्याहून बोलतेय. डोंबिवलीच्या पूर्वेला, कल्याण-शिळ रस्त्याला लागून आमचं गाव. 2015 साली आमची सत्तावीस गावं पुन्हा महापालिकेत गेली, भाताच्या शेतांत टॉवर उभे राहिले. तरी घरामागे थोडी मोकळी जागा उरलीय, तिथे कोंबड्या आहेतच. आमच्या बचत गटातल्या बऱ्याच जणी पाच-दहा गावठी कोंबड्या पाळतात. मी या गटांचं काम बघते. कोंबडी कशी विकायची ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळतं. मी आज बोलणार आहे ती आपल्या घरात कशी शिजवायची आणि कुणाच्या ताटात जायची, याविषयी.

गेल्या वर्षीची गटारी सांगते. आदल्या दिवशी आमच्या आळीतले सगळे कोंबडे विकले गेले. टॉवरमधली माणसं गाड्या घेऊन दारात आली, सातशे म्हटलं तरी घासाघीस केली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मी चिकनच्या दुकानापुढे रांगेत उभी. मागे-पुढे बघते तर आमच्याच गटातल्या बायका! सहा-सात महिने सांभाळलेले कोंबडे लोकांच्या घरी गेले आणि आम्ही किलोभर ब्रॉयलरसाठी रांगेत. सगळ्या हसलो. तेवढ्यात एक आत्या म्हणाल्या, "आमीच खाल्ली तं इकू काय?"

त्यांचंही खरं आहे. त्या पैशातून शाळेच्या वह्या येतात, गटाचा हप्ता जातो. पण मला ते वाक्य सोडेना, कारण त्याच्या दोनच महिने आधी माझं रक्त तपासलं होतं. हिमोग्लोबिन साडेआठ. मी बी.ए. झालेली, बैठकीत बायकांना लोहाचं महत्त्व सांगणारी! नर्सताईंनी विचारलं, चिकन-मटण खाता ना? म्हटलं, हो, दर रविवारी. त्यांनी पुढे विचारलं, "घरात बनतं ते झालं. तुमच्या ताटात काय येतं?" मी आठवायला लागले. मान, पंख, आणि टोपाला लागलेला रस्सा भाकरीने पुसून.

हे माझ्या एकटीचं नाही. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या निम्म्याहून जास्त बायकांना रक्तक्षय निघाला. लोह पालेभाजीतही असतं, पण मांसातलं लोह अंगाला जास्त लागतं. काळजीत ते सगळ्यात जास्त, आणि छातीच्या मांसापेक्षा तंगडीत जास्त. म्हणजे नेमके तेच तुकडे, जे आपण दुसऱ्यांना वाढतो. (डॉक्टरांनी दिलेल्या लोहाच्या गोळ्या मात्र चिकन खाल्लं म्हणून सोडायच्या नाहीत.)

आमच्या गटात मग ठरलं, सात पक्षी विकले की आठवा घरात शिजवायचा. सगळ्यांनी लगेच पाळलं असं नाही. मी पाळते.

गावठी म्हणजे औषध, असं मी म्हणणार नाही. ब्रॉयलरला इंजेक्शन देऊन फुगवतात असं आपल्याकडे सर्रास बोलतात, तेही खरं नाही. ती जातच तशी आहे, चांगल्या खाद्यावर पाच-सहा आठवड्यांत वाढते. प्रथिनं दोन्हींत भरपूर. गावठीला चरबी कमी, चव जास्त, आणि मुख्य म्हणजे ती आपल्या दारात किडे, गवत, सांडलेलं धान्य खाऊन वाढते. तिच्यासाठी पाकिटातून पैसे काढावे लागत नाहीत.

आता शिजवण्याचं. टॉवरमधल्या एका ताईंनी माझ्याकडून कोंबडा नेला आणि संध्याकाळी फोन केला, "चामट निघाला हो तुमचा." त्यांनी तो ब्रॉयलरसारखा वीस मिनिटांत शिजवला होता! गावठी दिवसभर पळते, तिचं मांस घट्ट. तिला वेळ द्यावा लागतो.

पिसं काढली की जाळावर फिरवून बारीक लव जाळून घ्यावी, हळद चोळून धुवावी, तुकडे लहान करावेत. मीठ, हळद, आलं-लसूण लावून अर्धा तास ठेवावी. टोपात थोड्या तेलावर कांदा परतून तुकडे घालावेत, वर पाणी अजिबात नाही. झाकण म्हणून ताट ठेवून त्या ताटात पाणी ओतावं. आतल्या वाफेवर कोंबडीला स्वतःचं पाणी सुटतं. पंधरा-वीस मिनिटांनी ताटातलं गरम झालेलं पाणी टोपात सोडायचं, आणखी गरम पाणी वाढवायचं आणि मंद आचेवर ठेवायचं. गार पाणी ओतू नका, मांस आखडतं असं माझ्या सासूबाई सांगतात आणि माझाही अनुभव तोच. तलंग असेल तर तासाभरात होते. जुनी अंड्यावरची कोंबडी असेल तर दीड-दोन तास, नाहीतर कुकरला सात-आठ शिट्या.

मसाला घालण्याआधी दोन-तीन वाट्या पिवळं पाणी काढून ठेवा. लहान मुलांना, बाळंतिणीला, तापातून उठलेल्या माणसाला भातावर तेच घालावं, वर लिंबू. मग उरलेल्यात भाजलेला कांदा-सुक्या खोबऱ्याचं वाटण आणि आपला घरचा आगरी मसाला. सोबत तांदळाची भाकरी. कोंबडीवडे सणाला ठीक. रोजच्या धावपळीत वड्यांच्या नादाने कोंबडीच राहून जाते.

सव्वा किलोची कोंबडी साफ केल्यावर हाडांसकट पाऊण किलोच्या आसपास भरते. आम्ही घरात सहा माणसं. दुपारी तुकडे आणि रस्सा, रात्री उरलेल्या रश्शात शेवग्याच्या शेंगा नाहीतर बटाटे. थंडीत सोललेले वाल घालते, त्याची चव रश्शाला फार छान येते. पोपटीला मडक्यात वालाच्या शेंगांबरोबर आपण कोंबडी घालतोच की, तीच ही जोडी. पाय आणि मान टाकू नका, त्यांचा वेगळा रस्सा निघतो. जेवल्यावर लगेच चहा नको, तो लोह अडवतो. हे मला स्वतःला अजून जड जातं.

एक गोष्ट घाईने नाही, सावकाश सांगते. आजारी किंवा आपोआप मेलेली कोंबडी शिजवायची नाही, कितीही जीव तुटला तरी. तीन वर्षांपूर्वी मानमोडीने माझ्या नऊ कोंबड्या दोन दिवसांत गेल्या. लस चुकली होती, चूक माझीच. त्यातली एक तरी कापू, असं घरात म्हणणारे होते. मी सगळ्या चुना टाकून खोल पुरल्या. फेब्रुवारी 2022 मध्ये आपल्याच जिल्ह्यात, शहापूर तालुक्यातल्या वेहळोलीत बर्ड फ्लू निघाला होता, हे विसरू नका. एकदम पक्षी मरायला लागले तर आधी पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवायचं. निरोगी कोंबडी पूर्ण शिजवलेली असेल तर भीती नाही. कच्च्या मांसाची सुरी आणि पाट धुतल्याशिवाय कोशिंबिरीला घेऊ नका. आणि आमच्याकडच्या बायांनो, कारखान्यांच्या सांडपाण्याच्या नाल्याकडे कोंबड्या सोडू नका. तिथे त्या काय टिपतात ते आपल्याच पोटात येतं.

शेवटी वाढण्याचं. पूर्वी मी सगळ्यांना वाढून मग टोप माझ्यापुढे ओढायची. आता टोप उतरला की आधी सहा वाट्या ओळीने मांडते, सहावी माझी. कोंबडीला तंगड्या दोनच, म्हणून मी त्यांचे चार तुकडे करते आणि पाळी लावते, या खेपेला ज्यांना मिळाली त्यांना पुढच्या खेपेला नाही. काळीज मुलीला आणि मला. गोळ्या आणि हे जेवण दोन्ही चालू आहे, मागच्या तपासणीला हिमोग्लोबिन पावणेअकरा आलं.

पहिल्यांदा वाट्या मांडल्या तेव्हा नवरा काही बोलला नाही, मुलगा थोडा कुरकुरला. सासूबाई मात्र माझ्या वाटीतल्या तंगडीकडे बघत राहिल्या. चाळीस वर्षं त्यांनी या घरात मानच खाल्लीय. मला वाटलं, आता बोलणार. त्यांनी स्वतःची वाटी पुढे सरकवली आणि म्हणाल्या, "पुढच्या टायमाला पाळी माझी हाय. लक्षात ठेव."